दावा दिल्लीत, मराठी मात्र सहावीच्या वर्गात हरते



आपल्या मंडळाच्या बैठकीत ठरावांना तोटा नाही. पाट्यांचा ठराव होतो, सरकारी परिपत्रके मराठीत मिळावीत म्हणून निवेदन जाते, कशाचा तरी निषेध होतो, टाळ्या पडतात, चहा होतो आणि आपण घरी जातो. यातले काहीच चुकीचे नाही. पण येत्या जूनपासून पुढच्या एप्रिलपर्यंत आपल्या भागातील सहावी, सातवी आणि आठवीची मुले मराठीत नेमके काय वाचणार आहेत आणि किती पाने स्वतःच्या मनाने लिहिणार आहेत, हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर कधी आला आहे का? शेतकरी मृग निघण्याआधी कोणत्या रानात तूर आणि कोणत्या रानात सोयाबीन हे ठरवतो. दुकानदार दिवाळीचा माल दोन महिने आधी भरतो. मुलांची भाषा मात्र आपण पावसासारखी देवावर सोडली आहे.

या लेखाचे म्हणणे एकच आहे. सीमाप्रश्नाचा निकाल जिथे लागायचा तिथे लागो. पण आपल्या घरातली मराठी टिकते की जाते हे सहावी ते आठवी या तीन वर्षांत ठरते. त्या वर्षांच्या वाचन-लेखनाचे नियोजन आपण कागदावर आणून पाळले नाही, तर बाकीची सारी लढाई फोल आहे.

रेघ दुसऱ्याने ओढली, वाचन आपण सोडले

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची तीन शकले झाली. बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण आणि खुद्द बीदर म्हैसूर राज्यात आले. शेजारचा आळंद तालुकाही गुलबर्गा जिल्ह्याबरोबर इकडेच आला. सोयरिक तीच, बाजार तोच, देव तेच. मध्ये एक रेघ आली. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला, महाराष्ट्राने तो नाकारला. २००४ मध्ये महाराष्ट्र शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर आणि भालकी या शहरांसह ८६५ गावांसाठी एकमताने ठराव केला. दावा दाखल झाला तेव्हा पहिलीत असलेले आपले मूल आज पंचविशी ओलांडून गेले आहे. त्याची सहावी, सातवी आणि आठवी या तारखांच्या मध्ये कुठेतरी निघून गेली, आणि त्या तीन वर्षांत त्याने मराठीत काय वाचले हे आपण त्याला विचारलेही नाही.

पूर्वी परिस्थिती बरी होती म्हणून मराठी टिकली, असे कोणी म्हणत असेल तर तेही खरे नाही. निजामाच्या राज्यात वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून होते. १९१८ साली निघालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. सरकार मराठी शिकवणार नाही हे उमगल्यावर त्या काळच्या लोकांनी हैदराबादला विवेकवर्धिनी आणि गुलबर्ग्याला नूतन विद्यालय अशा शाळा स्वतःच्या हिमतीवर उभ्या केल्या, गावोगावी वाचनालये काढली आणि घरी पोथ्या वाचून घेतल्या. त्यांच्याजवळ पैसा नव्हता आणि संविधानही नव्हते. आपल्याजवळ दोन्ही आहेत. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-क आले. प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे ते सांगते. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. कर्नाटकाची पाठ्यपुस्तके मराठी माध्यमातही निघतात. म्हणजे आजोबांना जे झगडून मिळवावे लागले, त्यातले बरेच आज कायद्याने पदरात आहे. तरी आपल्या नातवाला मराठी वर्तमानपत्राचा अग्रलेख समजत नाही. आता हा दोष एकट्या बंगळूरचा कसा म्हणायचा?

सहावीतच का?

पाचवीपर्यंत मूल वाचायला शिकते. सहावीपासून त्याला वाचून शिकावे लागते. इतिहासाचा धडा लांब होतो, विज्ञानाची वाक्ये गुंतागुंतीची होतात, गणितातसुद्धा उदाहरण आधी समजून घ्यावे लागते. ज्याचे वाचन कच्चे, तो येथून सगळ्याच विषयांत मागे पडतो. आणि घरची मंडळी म्हणतात, पोराचे डोके चालत नाही. डोके चालते, डोळे अडखळतात.

देशभरातील ग्रामीण मुलांची पाहणी करणाऱ्या ‘असर’चे आकडे पाहा. सरकारी शाळांत पाचवीत शिकणाऱ्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये ४४.२ टक्के होती, २०२२ मध्ये ३८.५ टक्के आणि २०२४ मध्ये ४४.८ टक्के. म्हणजे सहावीत पाऊल टाकणाऱ्या शंभरांतल्या पन्नासाहून अधिक मुलांना दुसरीची गोष्ट वाचता येत नाही. हे आकडे साऱ्या देशाचे आहेत. आपल्या गावाचे काय, हे कळायला दिल्लीहून कोणी यायला नको. आज संध्याकाळी घरातल्या सहावीच्या मुलासमोर वर्तमानपत्र ठेवा आणि एक परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगा. अहवाल दोन मिनिटांत हातात येईल.

आपण जुनी घराणी म्हणवतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी जुन्या पेटीत आजोबा-पणजोबांचे कागद आहेत, काही उर्दूत, काही मोडीत. शेताच्या वाटणीचा वाद निघाला की ते कागद घेऊन आपण मोडी जाणणाऱ्याच्या शोधात फिरतो. मोडी कोणी बंदी घालून मारली नाही. शाळेतून ती गेली, घरात ती कोणी शिकवली नाही, आणि दोन पिढ्यांत आपलेच अक्षर आपल्याला परके झाले. आजच्या मराठीची गत तीच होऊ लागली आहे. इंग्रजी माध्यमात जाणारे मूल हिंदीमुळे देवनागरी अक्षरे ओळखते, घरी मराठी बोलते, पण दोन पाने सलग मराठी वाचायला दिली की कंटाळते, आणि चार ओळी लिहायला सांगितल्या की गप्प होते. त्याच्या मुलांसाठी आपली पत्रे, आपले ठराव आणि हे मुखपत्रसुद्धा पेटीतले मोडी कागद ठरतील. तेव्हा ८६५ गावे कुठल्याही राज्यात असली तरी काय फरक पडणार?

दोष द्यायचाच तर सगळ्यांना द्या

सरकारचा वाटा आहेच. शिक्षकांच्या रिकाम्या जागांची तक्रार आपल्या प्रत्येक बैठकीत येते आणि ती रास्त आहे. पण राजकारण्यांनी आपल्याला काय दिले तेही पाहा. नोव्हेंबर २०२० मध्ये, बसवकल्याणच्या पोटनिवडणुकीच्या तोंडावर, बंगळूरच्या सरकारने मराठा विकास प्राधिकरण आणि ५० कोटी रुपये जाहीर केले. कन्नड संघटनांनी विरोध करताच सरकारनेच खुलासा केला, की हे समाजासाठी आहे, मराठी भाषेशी याचा संबंध नाही. इतके स्वच्छ उत्तर मिळूनही आपण फटाके वाजवले! मते मराठी माणसाची, पण मराठी पुस्तकाला एक रुपया नाही. तिकडे मुंबईचे पुढारी अधिवेशनात सीमाबांधवांसाठी गहिवरतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याचेही पेढे आपण वाटले. एप्रिल २०२२ मध्ये ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उदगीरला भरले. १९५६ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेल्या, भालकीच्या शेजारच्या गावात. आपल्यातले पुष्कळ जण तिथे गेले, फोटो काढून आले. येताना सहावीच्या मुलासाठी किती पुस्तके आणली?

आणि पालकांचा वाटा सर्वांत मोठा. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाच्याच प्रकरणात निकाल दिला, की प्राथमिक शिक्षणाचे माध्यम निवडण्याचा हक्क पालकांचा, सरकार मातृभाषेची सक्ती करू शकत नाही. निवड आपल्या हाती आली आणि आपण काय निवडले ते सकाळी शाळेच्या पिवळ्या गाड्या कोणत्या दिशेने जातात यावरून दिसते. इंग्रजी माध्यमात घालू नका असे मी म्हणत नाही. ज्याची त्याची अडचण ज्याला ठाऊक. पण मुलाला मराठी शाळेतून काढायचे, घरी मराठी पुस्तक आणायचे नाही आणि मंडळात येऊन मराठी मरते म्हणून गळा काढायचा, हे तिन्ही एकत्र चालणार नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

मराठी माध्यमातल्या मुलांची गोष्ट फार वेगळी नाही. दहावीच्या परीक्षेत ६२५ गुणांपैकी प्रथम भाषेला १२५ गुण आहेत. एकाही दुसऱ्या विषयाला इतके नाहीत. तरी शिकवणी गणिताची आणि इंग्रजीची. मराठी ‘आपोआप येईल’! आपोआप येते ते बोलणे. लिहिणे आपोआप येत नाही. मग परीक्षेच्या आधी गाईड विकत आणायचे आणि ‘माझा आवडता ऋतू’ पाठ करायचा. भालकीचे मूल आणि आळंदचे मूल एकच निबंध लिहिते, त्यात कोकणातला पाऊस पडतो आणि समुद्र गर्जतो. मांजरा नदी दारात असून त्या निबंधात तिचे नावही नाही. ही नक्कल आहे. आणि नक्कल करून मोठी झालेली मुले स्वतःच्या हक्काचा साधा अर्ज लिहू शकत नाहीत.

वर्षाचा हिशेब

मी वाणिज्य शाखेचा माणूस. मला आकड्यांत समजते, म्हणून आकड्यांत मांडतो. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे सहावी ते आठवीला वर्षात किमान २२० दिवस आणि १,००० तास शिकवणे झाले पाहिजे. मुलाने रोज फक्त पाच पाने वाचली, तर २२० दिवसांत १,१०० पाने होतात. म्हणजे शंभर-सव्वाशे पानांची नऊ-दहा पुस्तके. आता मुलाच्या दप्तरातले मराठीचे पाठ्यपुस्तक काढा, त्यातील पाने मोजा आणि ती वजा करा. जी तूट येते ती कोण भरून काढणार, हा खरा प्रश्न. लेखनाचेही तसेच. २२० दिवस म्हणजे आठवड्याचे सहा दिवस धरले तर सुमारे ३६ आठवडे. आठवड्याला स्वतःचे एक पान, म्हणजे वर्षाला ३६ पाने, तीन वर्षांत १०८. फळ्यावरून उतरवलेले आणि गाईडातून टिपलेले यात धरायचे नाही.

नियोजन म्हणून जे काही लागते ते एका कागदावर मावते.

जून : आधी पाहणी. पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक मुलाला एकेकटे बसवून अक्षरे, शब्द, परिच्छेद, गोष्ट या चार पायऱ्यांवर वाचून घ्यायचे आणि नावापुढे पायरी लिहायची. जे गोष्टीपर्यंत पोहोचत नाहीत त्यांची वेगळी तुकडी करून रोज अर्धा तास मोठ्याने वाचन. सहावीत आहे म्हणून सहावीचेच पुस्तक पुढे ढकलायचे, हा हट्ट सोडायचा. पाया ओला असताना भिंत चढवली तर ती पडणारच.

जुलै-ऑगस्ट : कानावर असलेली मराठी कागदावर. आषाढी, श्रावण, पोळा हे सगळे याच दोन महिन्यांच्या आगेमागे येते. आजीला जात्यावरच्या ओव्या विचारून लिहून आणणे, गावातून निघालेल्या दिंडीचे वर्णन, पोळ्याच्या दिवशी बैल सजवायला काय काय लागले त्याची यादी आणि मग त्या यादीवरून परिच्छेद. वाचनाला सहावीसाठी ‘किशोर’ मासिक. बालभारतीचे हे मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक मोबाईलवर फुकट वाचायला मिळतात. सातवी-आठवीसाठी ‘गोट्या’, ‘फास्टर फेणे’, ‘श्यामची आई’. मुलाला हसू येईल असे पुस्तक आधी द्यावे, उपदेश मागाहून.

सप्टेंबर : १७ सप्टेंबर. १९४८ साली याच दिवशी हैदराबादचा निजाम शरण आला. याच वर्षी रझाकारांनी बीदर जिल्ह्यातील गोरटा गावात कत्तल केली. ते दिवस ज्यांना आठवतात अशी माणसे आता नव्वदीच्या घरात आहेत आणि दर वर्षी कमी होत आहेत. आठवीच्या मुलांनी अशा एका तरी माणसापुढे वही घेऊन बसावे, दहा प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लिहून काढावीत. कोणी कोणाला मारले याबरोबर कोणी कोणाला लपवून वाचवले, हेही विचारावे. हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखे नाही.

ऑक्टोबर : दसऱ्याच्या सुटीत एक पूर्ण पुस्तक. आठवीसाठी ‘एक होता कार्व्हर’ किंवा ‘बनगरवाडी’, सातवीसाठी ‘तोत्तोचान’. परत आल्यावर गोष्टीचा सारांश लिहायचा नाही. ‘या पुस्तकातले मला काय पटले नाही’ यावर एक पान. सारांश गाईडात सापडतो, न पटलेले सापडत नाही.

नोव्हेंबर-डिसेंबर : कामाचे लेखन. ग्रामपंचायतीला नळाबद्दल अर्ज, बसच्या वेळेबद्दल आगार व्यवस्थापकांना पत्र, एसडीएमसीच्या बैठकीचा वृत्तांत, घरच्या आठवडाभराच्या खर्चाची नोंद आणि त्यावर टिपण. मी बँकेत काउंटरवर बसतो. पदवीधर मुले पैसे भरण्याची स्लिप घेऊन येतात आणि ‘रक्कम अक्षरी’ या रकान्यावर अडतात. कोणत्याही भाषेत लिही म्हटले तरी पेन हलत नाही. मग शेजारच्या माणसाकडे स्लिप सरकवतात. ज्याला स्वतःची रक्कम अक्षरांत लिहिता येत नाही, तो कर्जाच्या कागदावर काय वाचून सही करणार?

जानेवारी : वर्तमानपत्र. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. तो दिवस धरून महिनाभर रोज एक बातमी वर्गात वाचायची, ‘बातमी कोणती आणि मत कोणते’ हे वेगळे करायचे, आणि प्रत्येक मुलाने आपल्या गावाची एक खरी बातमी लिहायची.

फेब्रुवारी-मार्च : २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला पाहुण्यांची भाषणे बंद. त्या दिवशी मुलांनी स्वतःच्या ३६ पानांतले सर्वांत चांगले पान गावापुढे वाचावे आणि मोठ्यांनी खाली बसून ऐकावे. मार्चमध्ये जूनची तीच पाहणी पुन्हा करावी. जूनची पायरी आणि मार्चची पायरी शेजारी शेजारी लिहिली की वर्षाचा ताळेबंद तयार.

हे होणार नाही, असे म्हणणाऱ्यांना

पहिला आक्षेप : शिक्षकांना वेळ नाही. चाळीस वह्या, त्यात इतर सरकारी कामे. खरे आहे. म्हणून प्रत्येक पानातली प्रत्येक चूक लाल करू नये. एका आठवड्यात फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहावे, दुसऱ्या आठवड्यात फक्त वाक्य कोठे संपते ते, तिसऱ्या आठवड्यात फक्त परिच्छेद. तपासलेले पान मुलाने एकदा पुन्हा लिहावे. लाल शाईने भरलेले पान पाहून मूल लिहिणेच सोडते. आणि आपल्या समाजात निवृत्त शिक्षक थोडे नाहीत. आठवड्याला दोन तास दहा वह्या पाहणे हे सत्काराची शाल घेण्यापेक्षा मोठे काम आहे.

दुसरा : पुस्तके कोठून आणायची? त्याच अनुसूचीत लिहिले आहे, की प्रत्येक शाळेत वाचनालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत. हा कायदा आहे, भीक नव्हे. एसडीएमसीने हे कलम दाखवून बीईओंकडे लेखी मागणी करावी आणि पोच घ्यावी. ती येईपर्यंत आपण भरावे. दीडशे रुपयांचे एक याप्रमाणे ४० पुस्तकांना ६,००० रुपये लागतात. शिवजयंतीला चौकात लागणारे फ्लेक्स आणि मिरवणुकीतला डीजे यांच्या बिलात हे सहा हजार सहज बसतात. ज्या राजाने राज्यव्यवहारकोश करवून घेऊन कारभारातल्या शब्दांकडे लक्ष दिले, त्याच्या नावाने आपण डीजे लावतो आणि वाचनालय मात्र नाही!

तिसरा : मराठी वाचून पोट भरते का? भरते. बँकांच्या कारकून भरतीची जाहिरात नीट वाचा. ज्या राज्यासाठी अर्ज करायचा तिथली भाषा वाचता, लिहिता आणि बोलता आली पाहिजे, अशी अट असते. स्टेट बँकेच्या भरतीत ती भाषा दहावी किंवा बारावीला विषय म्हणून घेतल्याची गुणपत्रिका असेल तर वेगळी भाषा चाचणी द्यावी लागत नाही. आपल्या मुलाजवळ मराठी आणि कन्नड दोन्ही असतील, तर दोन राज्यांचे दरवाजे त्याला उघडे. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी प्रवेशातही सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी तरतूद आहे. लातूर, सोलापूर, पुणे ही आपल्या मुलांची शिकण्याची आणि कामाची गावे आहेत. तिथे बोलून निभावते, लिहिताना उघडे पडते.

चौथा : हे केले तर कन्नड संघटना काय म्हणतील? काही म्हणण्याचे कारणच नाही. कन्नड शिकणे या राज्यात कायद्याने आवश्यक आहे आणि व्यवहारानेही. आपल्या मुलांनी ती उत्तमच शिकावी. माणिकनगरच्या माणिक प्रभूंनी (१८१७–१८६५) मराठीत पदे केली आणि कन्नडमध्येही केली. गाणगापूर कलबुर्गी जिल्ह्यात आहे आणि तेथील महाराजांचे चरित्र सांगणारे गुरुचरित्र मराठीत आहे. या मातीत दोन भाषा शेजारी राहतात, त्यांना भांडायला लावणारे बाहेरून येतात. आणि अनुभव असा, की ज्याला एक भाषा नीट वाचता येते त्याला दुसरी लवकर येते. ज्याला एकही येत नाही तो दोन्हीकडे अडतो.

नियोजन आपल्याला परके आहे असेही नाही. गुरुचरित्राचा सप्ताह बसवला की कोणत्या दिवशी कोणत्या अध्यायापर्यंत जायचे हे ठरलेले असते. पाहुणे आले तरी वाचन चुकत नाही. सात दिवसांची इतकी शिस्त पाळणारी घरे मुलाच्या २२० दिवसांची शिस्त पाळू शकत नाहीत, हे मला मान्य नाही.

आता काय करायचे

एक, मे महिना संपण्याआधी मराठी माध्यमाच्या प्रत्येक उच्च प्राथमिक शाळेच्या एसडीएमसीत आपल्या माणसांनी हे वर्षाचे नियोजन मांडावे आणि इतिवृत्तात नोंदवून घ्यावे. शिक्षकांवर हुकूम गाजवायला जाऊ नये. त्यांच्याबरोबर बसून महिने ठरवावेत. दोन, इंग्रजी आणि कन्नड माध्यमात जाणाऱ्या मुलांसाठी मंडळाने दर रविवारी सकाळी दोन तासांचा वर्ग चालवावा. पहिला तास वाचन, दुसरा लेखन, नियोजन तेच. तीन, प्रत्येक घरात रात्री जेवणाआधी वीस मिनिटे टीव्ही आणि मोबाईल बंद, आणि मुलाबरोबर मोठ्यांनीही काही वाचावे. आईबापांच्या हाती मोबाईल आणि पोराच्या हाती पुस्तक, असे कोणत्याही घरात चालत नाही. चार, मंडळाच्या कार्यकारिणीत निवडून येऊ इच्छिणाऱ्याने आपल्या गावातील सहावी ते आठवीच्या मुलांची वाचनाची पायरी किती ते आधी सांगावे. सांगता आले नाही तर मत मागू नये.

आणि पाचवे, संपादकांना विनंती. या मुखपत्रात निषेधाचे ठराव छापता तसे दर महिन्याला प्रत्येक गावाच्या नावापुढे दोन आकडे छापा : मुलांनी वाचलेली पाने आणि लिहिलेली पाने. पहिल्या महिन्यात पुष्कळ गावांपुढे शून्य दिसेल. दिसू द्या. तो शून्य मुलांच्या नावावर नव्हे, आपल्या नावावर पडेल, आणि तो पुसण्याची घाई मग आपल्यालाच होईल.

जून लांब नाही. निवेदने नंतरही देता येतील; सहावीतले मूल पुढच्या वर्षी सातवीत गेलेले असेल.